दुबार नोंदी : त्या कशा ओळखाव्यात व कशा काढाव्यात

बीजोत्पादनाच्या शेतात भेसळ काढण्याचे काम ज्यांनी केले आहे, त्यांना एक गोष्ट चांगली ठाऊक असते. भेसळीचे झाड उपटणे सोपे, ते ओळखणे अवघड. वाणाचे गुणधर्म ज्याला माहीत नाहीत असा मजूर शेतात सोडला, तर तो उंच दिसेल ते झाड उपटीत जातो आणि भेसळीचे ठेंगणे झाड तसेच उभे राहते. शेतकऱ्यांच्या याद्यांतील दुबार नोंदी काढण्याचे काम याच जातीचे आहे.

बियाण्याचे वाटप, पीक प्रात्यक्षिके, नुकसानीचे पंचनामे, अवजारांचे अनुदान अशा प्रत्येक कामासाठी गावपातळीवरील कार्यकर्त्यास याद्या कराव्या लागतात. पूर्वी त्या वहीत लिहिल्या जात. आता त्या संगणकावरील तक्त्यात भरल्या जातात. यादीत एकाच शेतकऱ्याची नोंद दोनदा झाली, तर एकास दोन वाटे मिळतात व दुसरा रिकाम्या हाताने परत जातो. उलटपक्षी, दोन निराळ्या शेतकऱ्यांस एकच समजून एकाचे नाव कमी केले, तर त्याचा हक्क विनाकारण बुडतो. या दोन चुकांपैकी पहिली चूक हिशेबतपासणीत केव्हा तरी उघडकीस येते. दुसरी मात्र कागदावर कोठेच दिसत नाही, कारण यादीतून गेलेले नाव बोलत नाही. म्हणून दुसऱ्या चुकीची धास्ती अधिक बाळगली पाहिजे.

एक अनुभव

प्रस्तुत लेखकाने नोकरीच्या आरंभी केलेली एक चूक येथे सांगणे उचित होईल. रब्बी हंगामात हरभऱ्याच्या प्रात्यक्षिकासाठी एका गावाची यादी तयार करावयाची होती. यादीत चारशेच्या वर ओळी होत्या व पुष्कळ नावे पुन्हा पुन्हा आलेली दिसत होती. मी नावाचा रकाना निवडला व संगणकास ‘रिमूव्ह डुप्लिकेट्स’ ही आज्ञा दिली. क्षणार्धात चाळीसेक ओळी नाहीशा झाल्या. काम झटपट उरकले याचे मला समाधान वाटले व ती यादी मी तशीच, मूळ प्रतीवरच, जतन केली.

वाटपाच्या दिवशी एक वयस्क शेतकरी पुढे आले. त्यांच्या नावाची पिशवी सकाळीच कोणी तरी नेली होती. नेणाराही खोटा नव्हता. पलीकडच्या वाडीतील त्याच नावाचा व त्याच आडनावाचा तो दुसरा शेतकरी होता. यादीत वडिलांच्या नावाचे केवळ पहिले अक्षर लिहिलेले होते व दोघांचे ते अक्षर एकच होते. संगणकाने दोघांचा एक इसम केला होता. मूळ यादी शिल्लक नसल्याने अर्ज पुन्हा जमवून खातरजमा करण्यात आठवडा गेला. त्या गृहस्थांची जमीन जिरायत. तोवर वरच्या थरातील ओल उडाली, पेरणी मागे पडली आणि उगवण विरळ झाली. त्यांनी तक्रार केली नाही. ते एवढेच म्हणाले, “साहेब, या नावाचे आम्ही दोघं हाओत हे गावातलं शेंबडं पोरगंबी सांगंल. यंत्राला कसं कळावं? तुम्ही इचारायचं होतं.”

या लेखाचे सार त्या वाक्यातच आहे. संगणक सारखेपणा दाखवितो. दुबारपणा ठरविणे हे माणसाचे काम आहे.

प्रथम यादी कशाची आहे ते ठरवावे

यादीतील एक ओळ म्हणजे काय, हा प्रश्न कामास हात घालण्यापूर्वी स्वतःस विचारावा. शेतीच्या याद्या साधारणतः चार प्रकारच्या असतात.

व्यक्तींची यादी : येथे एक ओळ म्हणजे एक शेतकरी. प्रशिक्षण किंवा शेतकरी सहल यांची यादी अशी असते.

कुटुंबांची यादी : येथे एक ओळ म्हणजे एक कुटुंब. २०१९ साली सुरू झालेल्या पंतप्रधान किसान सन्मान निधी योजनेत पती, पत्नी व त्यांची अज्ञान मुले मिळून एक कुटुंब धरले आहे. म्हणून पती व पत्नी या दोन निराळ्या व्यक्ती असल्या, तरी त्या यादीत त्या दोन ओळी होऊ शकत नाहीत.

खात्यांची यादी : येथे एक ओळ म्हणजे गाव नमुना ८-अ मधील एक खाते. खाते एकट्याचे असेल किंवा अनेकांचे सामाईक असेल.

क्षेत्राची यादी : येथे एक ओळ म्हणजे गट नंबर किंवा त्याचा हिस्सा, अथवा त्यातील एक पीक. पंचनाम्याची यादी या प्रकारात मोडते.

एका यादीत जी नोंद दुबार ठरते, तीच दुसऱ्या यादीत अगदी आवश्यक असू शकते. एका शेतकऱ्याचे तीन गट असतील, तर क्षेत्राच्या यादीत त्याचे नाव तीनदा येणे हेच बरोबर होय. तेथील दोन नावे दुबार म्हणून काढली, तर त्याची दोन शेते कागदावरून पुसली जातील.

एक नमुना कोष्टक

पुढील कोष्टकातील गाव व नावे कल्पित आहेत. क्षेत्र हेक्टरमध्ये असून तो संपूर्ण गटाचा आकडा आहे.

ओळ | खाते | नाव | गट | क्षेत्र
१ | ११२ | तुकाराम ज्ञा. पाटील | ४५/१ | ०.८०
२ | ११२ | तुकाराम ज्ञानदेव पाटील | ४५/१ | ०.८०
३ | २०७ | तुकाराम ज्ञा. पाटील | ६३ | १.१०
४ | २३१ | सखुबाई मारुती जाधव | ७८ | २.००
५ | २३१ | शंकर मारुती जाधव | ७८ | २.००
६ | ११२ | तुकाराम ज्ञानदेव पाटील | ९० | ०.४०
७ | १५४ | पार्वती बाबू शेळके | १२ | ०.३०
८ | ३०९ | पार्वती दत्तू कदम | १३१ | १.२०

गावात चौकशी केली असता असे कळते की, तिसऱ्या ओळीतील तुकाराम हे ज्ञानदेवांचे नव्हे तर ज्ञानेश्वरांचे पुत्र आहेत. सखुबाई व शंकर हे मायलेक असून मारुतीरावांच्या पश्चात दोघांची नावे एका खात्यावर लागली आहेत. सातव्या व आठव्या ओळीतील पार्वतीबाई एकच आहेत. माहेरच्या जमिनीवर वारस म्हणून त्यांचे वडिलांकडील नाव लागले आहे व सासरच्या खात्यावर पतीकडील नाव लागले आहे.

आता केवळ नावाच्या रकान्यावरून संगणकाने दुबार ओळी काढल्या तर काय होईल ते पाहू. पहिल्या ओळीशी तंतोतंत जुळणारी तिसरी ओळ जाईल. दुसरीशी जुळणारी सहावी जाईल. सहा ओळी उरतील. त्या सहांत पहिली व दुसरी ही एकाच माणसाची असून केवळ लिहिण्याच्या फरकामुळे टिकली आहेत. सातवी व आठवी यांचीही तीच गत आहे. ज्ञानेश्वरांचे तुकाराम मात्र यादीतून पार गेले. जे काढावयास हवे होते ते राहिले आणि जे ठेवावयास हवे होते तेच गेले.

खरी मोजणी अशी : व्यक्ती पाच, खाती पाच, गट सहा. व्यक्ती व खाती हे दोन्ही आकडे पाच आले म्हणून त्या दोन याद्या एकच झाल्या असे समजू नये. खाते २३१ वर दोन व्यक्ती आहेत आणि पार्वतीबाईंची खाती दोन आहेत. आकडे जुळले तरी माणसे जुळली असे होत नाही.

क्षेत्राचेही तसेच. सर्व आठ ओळींची बेरीज ८.६० हेक्टर येते. प्रत्यक्षात जमीन ५.८० हेक्टरच आहे. गट ४५/१ चे ०.८० व गट ७८ चे २.०० हेक्टर दोनदा मोजले गेले. यांपैकी पहिल्या गटात नोंदच दुबार आहे, तर दुसऱ्यात सखुबाई व शंकर या दोन्ही नोंदी खऱ्या आहेत. केवळ क्षेत्र दुबार झाले आहे. तेथे नाव काढावयाचे नसून प्रत्येकाच्या वाट्याचे क्षेत्र लिहावयाचे असते.

तुलनेपूर्वीची मशागत

पेरणीपूर्वी जशी मशागत, तशी तुलनेपूर्वी रकान्यांची सफाई करावी लागते. मूळ यादीची एक प्रत निराळी ठेवून द्यावी व तीस पुन्हा हात लावू नये. कामाच्या प्रतीत प्रत्येक ओळीस अनुक्रमांक द्यावा, म्हणजे मांडणी बदलली तरी मूळ क्रम परत आणता येतो. त्यानंतर पुढील गोष्टी पाहाव्यात.

१. नाव : मूळ नावाचा रकाना बदलू नये. शेजारी ‘तुलनेचे नाव’ असा नवीन रकाना करून त्यात श्री., श्रीमती, राव, बाई ही उपपदे, टिंबे व जादा मोकळ्या जागा वगळून नाव लिहावे. नावाच्या शेवटी चुकून राहिलेली मोकळी जागा डोळ्यास दिसत नाही, परंतु संगणकास ते नाव निराळे वाटते. ‘ट्रिम’ या सूत्राने अशा जागा काढता येतात. काहींनी आडनाव आधी व काहींनी शेवटी लिहिलेले असते. त्याचा क्रम एक करावा.

२. अक्षरांची घडण : बऱ्हाटे, गोऱ्हे अशा आडनावांतील ‘ऱ्ह’ संगणकावर एकाहून अधिक रीतींनी टंकित होतो. छापील रूप सारखे दिसले तरी संगणकाच्या हिशेबी ते शब्द वेगळे असतात. जुन्या फाँटमधील व युनिकोडमधील मजकूर एकाच यादीत मिसळला असेल, तर प्रथम सर्व मजकूर युनिकोडमध्ये आणावा. देवनागरी व इंग्रजी अंकांचीही सरमिसळ ठेवू नये.

३. गट नंबर : ही मोठी फसवी जागा आहे. रकान्याची आगाऊ मांडणी न करता इंग्रजी अंकांत ५/२ असे लिहिले की संगणक त्याची तारीख करून टाकतो. अक्षरे भरण्यापूर्वीच तो रकाना ‘टेक्स्ट’ या प्रकारचा करावा. तसेच गट नंबर व खाते क्रमांक हे त्या त्या गावापुरतेच असतात. अनेक गावांची यादी एकत्र असेल, तर गाव व गट किंवा गाव व खाते मिळूनच तुलना करावी. नाही तर एका गावचा गट १२ दुसऱ्या गावच्या गट १२ शी जुळेल.

४. बँक खाते क्रमांक : एक्सेल तक्त्यात संख्येचे पहिले पंधरा अंकच जपले जातात, पुढील अंकांच्या जागी शून्ये बसतात आणि गेलेले अंक परत मिळत नाहीत. प्रारंभीची शून्येही गळून पडतात. म्हणून हा रकानाही प्रथमपासून ‘टेक्स्ट’ ठेवावा.

सारख्या नोंदी शोधणे

लहान यादीसाठी उत्तम रीत जुनीच आहे. यादी आडनावाच्या क्रमाने लावावी व डोळ्याने वाचावी. मग खात्याच्या क्रमाने लावून पुन्हा वाचावी आणि शेवटी गटाच्या क्रमाने. एका क्रमात दूर दूर पडलेल्या दोन ओळी दुसऱ्या क्रमात शेजारी येतात व चूक नजरेस पडते.

मोठ्या यादीसाठी ‘काउंटइफ’ हे सूत्र वापरावे. एखादा मजकूर रकान्यात किती वेळा आला आहे ते हे सूत्र सांगते. एकाहून अधिक आकडा आला ती ओळ तपासणीची. सारख्या नोंदींस रंग देण्याचीही सोय असते. तथापि, येथे एक धोका ध्यानात ठेवावा. रकाना ‘टेक्स्ट’ असला तरी हे सूत्र अंकांच्या मजकुरास संख्याच समजते आणि पंधरा अंकांपलीकडे पाहत नाही. त्यामुळे सोळा अंकी दोन निराळे खाते क्रमांक, पहिले पंधरा अंक सारखे असल्यास, दुबार म्हणून दाखविले जातात. रंग देण्याच्या सोयीतही हाच दोष येतो. यावर उपाय सोपा आहे. शेजारच्या रकान्यात प्रत्येक क्रमांकापुढे ‘ख’ हे अक्षर जोडावे व तुलना त्या रकान्यावर करावी. मग संगणक त्यास संख्या समजत नाही.

आधार क्रमांक यादीत उघड लिहू नये व चावडीवर तर मुळीच लावू नये. पुष्कळ ठिकाणी शेवटचे चार अंकच ठेवलेले असतात, ते योग्यच आहे. परंतु केवळ चार अंक जुळले म्हणून माणूस एक, असे मानता येत नाही. चार अंकांची दहा हजार रूपे होतात. चारशे माणसांच्या जोड्या मात्र ७९,८०० होतात. तेव्हा चारशे नावांच्या यादीत चार अंक केवळ योगायोगाने जुळलेल्या आठेक जोड्या निघणे स्वाभाविक आहे.

मोबाईल क्रमांकाचेही तसेच आहे. सबंध घरात एकच मोबाईल असतो. कधी अर्ज भरून देणाऱ्याने स्वतःचाच क्रमांक अनेकांच्या अर्जांवर घातलेला असतो. पती व पत्नी यांचे बँक खाते संयुक्त असू शकते. सबब, एका रकान्याच्या साक्षीवर कोणाचेही नाव काढू नये. पंचनाम्यास जसे पंच लागतात, तसे दुबार ठरविण्यास किमान दोन स्वतंत्र पुरावे जुळले पाहिजेत आणि तिसरी साक्ष प्रत्यक्ष माणसाची हवी.

पडताळणी

सारख्या दिसणाऱ्या ओळींचे तीन भाग करावेत : निश्चित दुबार, संशयित व निराळे. निश्चित दुबार म्हणून टाकलेली ओळही ८-अ व सातबाराशी ताडून पाहावी. संशयित ओळींसाठी गावात जावे. ग्राम महसूल अधिकारी, म्हणजे पूर्वीचे तलाठी, यांचे दप्तर, पोलीस पाटील व गावातील जाणती माणसे यांच्याकडून एका सकाळी जे कळते, ते कचेरीत बसून आठ दिवसांत कळत नाही. चावडीवाचनाची प्रथा या कामी फार उपयोगी आहे. यादी मोठ्याने वाचली की “ते दोघे वेगळे” किंवा “हे नाव दोनदा झाले” असे लोकच सांगतात. वाचताना वडिलांचे अथवा पतीचे संपूर्ण नाव व वाडीचे नाव अवश्य घ्यावे; बँक खाते व आधार यांचा उच्चार करू नये.

स्त्रियांच्या नोंदींकडे विशेष लक्ष द्यावे. माहेरचे व सासरचे नाव, विधवा खातेदारांची नावे, तसेच नुसते ‘पार्वतीबाई’ असे अर्धे नाव यांमुळे एकाच बाईच्या दोन नोंदी होतात किंवा दोन बायांची एक नोंद होते. अशा वेळी संबंधित भगिनींना स्वतःस विचारावे. दाराशी बसलेल्या पुरुषाच्या उत्तरावर भागवू नये.

नोंद कशी काढावी

दुबार ठरलेली ओळ एकदम पुसू नये. यादीत ‘शेरा’ असा रकाना ठेवून त्यात “ओळ १ ही ओळ २ ची दुबार, ८-अ पाहून खात्री केली” असे कारण, दिनांक व तपासणाऱ्याचे नाव लिहावे. मग अशा ओळी निराळ्या पानावर हलवाव्यात. चूक झालीच, तर ती दुरुस्त करण्याचा मार्ग मोकळा राहतो.

दोन ओळींपैकी कोणती ठेवावी? संगणकाची आज्ञा वरची ओळ ठेवते व खालची काढते. परंतु वरची ओळ अधिक बरोबर असतेच असे नाही. आमच्या कोष्टकात पहिल्यापेक्षा दुसरी ओळ पूर्ण आहे. अधिक पूर्ण असलेली ओळ ठेवावी आणि जाणाऱ्या ओळीत काही जादा माहिती असेल, जसे मोबाईल क्रमांक, तर ती राहणाऱ्या ओळीत घ्यावी. दोन्हींतील क्षेत्र निराळे असल्यास अंदाजाने एक न निवडता सातबारा पाहावा.

अखेरीस ताळा करावा. राहिलेल्या ओळी व हलविलेल्या ओळी यांची बेरीज मूळ ओळींइतकी आली पाहिजे. क्षेत्राच्या यादीत एका गटातील सर्वांच्या क्षेत्राची बेरीज त्या गटाच्या क्षेत्राहून जास्त होता कामा नये.

मुळातच दुबार नोंद होऊ नये म्हणून

तण उगवल्यावर खुरपण्यापेक्षा ते उगवू न देणे केव्हाही स्वस्त. यादी करताना नाव, वडिलांचे किंवा पतीचे नाव व आडनाव यांचे तीन निराळे रकाने ठेवावेत. आद्याक्षरे लिहू नयेत. वाडीचा रकाना अवश्य ठेवावा. एकाच गावाची यादी दोघांनी निरनिराळी भरून नंतर जोडू नये.

अॅग्रिस्टॅक योजनेखाली दिल्या जाणाऱ्या शेतकरी ओळख क्रमांकामुळे हे काम बरेच सुकर झाले आहे. २०२५ सालापासून राज्यात कृषि विभागाच्या योजनांसाठी तो आवश्यक करण्यात आला आहे. क्रमांक व्यक्तीस जोडलेला असल्याने पार्वतीबाईंची दोन्ही खाती एका ठिकाणी पाहता येतात. परंतु ज्यांच्या वारसाची नोंद व्हावयाची राहिली आहे, ज्यांची जमीन अद्याप आजोबांच्या नावावर आहे, त्यांच्यापाशी असा क्रमांक नसण्याचा संभव असतो. क्रमांकाचा रकाना रिकामा असलेल्या सर्व ओळी संगणकास एकसारख्या दिसतात; केवळ त्या रकान्यावरून दुबार नोंदी काढल्यास एक ओळ राहून बाकी सर्व जातील. रिकाम्या जागेस ओळख समजण्याची चूक कदापि करू नये.

शेतकरी बंधू-भगिनींसाठी

अर्जावर सातबाराप्रमाणे संपूर्ण नाव लिहावे. एका योजनेसाठी एकदाच अर्ज करावा. पोहोच मिळाली नाही म्हणून दुसरा अर्ज टाकल्यास दुबार म्हणून दोन्ही अडकण्याचा संभव असतो. वारसाची नोंद वेळेवर करून घ्यावी. मोबाईल क्रमांक स्वतःचा किंवा घरचा द्यावा. यादीचे वाचन होईल त्या दिवशी हजर राहून आपले नाव कानांनी ऐकावे. आपल्या नावाचे दुसरे कोणी गावात असेल, तर ते अर्ज देतेवेळीच सांगावे.

कार्यकर्त्यांनी थोडक्यात एवढे ध्यानात ठेवावे : यादी कशाची ते आधी ठरवावे, मूळ प्रत जपावी, एका रकान्यावर विसंबू नये, माणसास विचारावे, कारण लिहून मगच ओळ हलवावी. यास एखादा दिवस अधिक लागेल. परंतु पेरणीची ओल कोणासाठी थांबत नाही. यादीतील चुकीमुळे एखाद्याची पेरणी मागे पडण्यापेक्षा आपला एक दिवस गेलेला बरा.